कार्यानुभव कुणाचा, जोखीम कुणाची?

शाळेत ‘कार्यानुभव’ नावाचा तास असायचा. क्रेप कागदाची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, आणि प्रगतिपुस्तकात एक ‘अ’. शुक्रवारी शेवटच्या तासाला असल्यामुळे तो बहुतेकांना आवडायचा. हा शब्द मुळात इतका हलका नव्हता. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, ती हाताच्या कामातूनच शिक्षण व्हावं अशी. पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) शिक्षणात कार्यानुभव हवाच असं सांगितलं. विचार असा, की काम करणारी माणसं आणि पुस्तकं वाचणारी माणसं यांच्यातली भिंत थोडी तरी खाली यावी.

भिंत खाली आली की पलीकडची हवाही इकडे येते, हे मात्र त्या आहवालांच्या भाषेत कुठे ठळकपणे जाणवत नाही. कामाबरोबर कामाचा धोकाही येतो. मग प्रश्न पडतो, शिकायला आलेल्या माणसानं त्या धोक्यातला किती वाटा घ्यायचा? आणि त्याला त्यातून बाजूला काढलं, तर जे बाजूला निघू शकत नाहीत त्यांचं काय?

मला हा प्रश्न बी.एस्सी. ॲग्रीच्या सातव्या सेमिस्टरला पडला. तेव्हा आमची बॅच ‘रावे’ला, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमाला, गावोगाव पांगली होती. आमच्या गटाच्या वाट्याला चिखली तालुक्यातलं अमडापूर आलं. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं मोठं गाव. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी. तुम्ही विदर्भातले असाल तर पावसाळ्यात स्थानिक पेपरात ‘कृषिकन्यांचे गावात उत्साहात स्वागत’ अशी बातमी पाहिली असेल. एका फ्लेक्समागे सहा-सात मुली पांढऱ्या ॲप्रनमध्ये, मध्ये सरपंच, कडेला कुणाचा तरी अर्धा कापलेला चेहरा. त्या सहा-सातांपैकी मी एक.

रावेत काय काय असतं ते थोडं सांगते, कारण बाहेरच्यांना ती पिकनिक वाटते. मातीचा नमुना घेणं, बीजप्रक्रिया, पाच टक्के निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण, कामगंध सापळे लावणं, जनावरांचं लसीकरण, गावाचा नकाशा रांगोळीनं काढणं. प्रत्येक गोष्टीचं प्रात्यक्षिक, प्रत्येक प्रात्यक्षिकाचा फोटो, प्रत्येक फोटोखाली शेतकऱ्याची सही. शेवटी रेकॉर्ड बुक, तोंडी परीक्षा आणि मार्क. आणि हे सगळं खरिपात. म्हणजे बरोबर त्या महिन्यांत, जेव्हा शेत सगळ्यात धोकादायक असतं.

धोक्यांची यादी कुणी हातात दिली नव्हती, ती आपोआप होत गेली. गवतात घोणस. दुपारनंतर कडाडणारी वीज. प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं, ज्यात पडलेला पोहणारा माणूसही दोर नसेल तर वर येऊ शकत नाही, कारण ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनचं मळणी यंत्र, ज्याला आमच्याकडे हडंबा म्हणतात. हात ओढून घेणाऱ्या मळणी यंत्रांमुळे देशात इतके हात गेले, की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पण या सगळ्यांत रोजचा, न दिसणारा आणि वासानं सवयीचा झालेला धोका एकच, फवारणी.

यवतमाळ तुम्हाला आठवत असेल. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये त्या एका जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते, काहींची नजर काही काळासाठी गेली होती. तेव्हा कारणांची बरीच चर्चा झाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे औषधाचा तुषार थेट तोंडावर येत होता. बोंडअळी बीटीला जुमानत नव्हती. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. नव्या बॅटरी पंपांचा फवारा जास्त बारीक आणि जास्त वेगाचा होता. वर उकाडा. आणि अंगावर काय, तर एक जुना शर्ट आणि तोंडाला दुपट्टा.

आमचं रावे त्यानंतर काही वर्षांनी. त्यामुळे कॉलेजनं आम्हाला नीट बजावून पाठवलं होतं. हातमोजे, मास्क, गॉगल दिले होते. आमच्या कार्यक्रमाचे सर फोनवर प्रत्येक वेळी विचारायचे, ‘फवारणीच्या वेळी लांब उभ्या होतात ना? वाऱ्याच्या खालच्या बाजूला नाही ना?’ सरांचं काहीही चुकत नव्हतं. चार मुलींचे आईवडील त्यांच्या भरवशावर होते.

पण आम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभ्या राहिलो, की खालच्या बाजूला कोण असायचं ते दिसायचं. बाजूच्या वावरात निंदणाला बसलेल्या बाया. त्यांच्यातल्या एका मावशीला मी विचारलं, तुम्ही फवारणीच्या वेळी दूर का जात नाही? त्या हसल्या. ‘आमी काय फवारतो का ताई? आमी त निस्तं पाणी आनतो अन निंदतो.’

पाणी आणणं म्हणजे विहिरीवरून घागरी आणून ड्रममध्ये ओतणं, त्यात काठीनं औषध ढवळणं, पंप भरून देणं. म्हणजे औषध सगळ्यात दाट असतं तेव्हा ते हाताळणं. संध्याकाळी नवऱ्याचे भिजलेले कपडे धुणं. दुसऱ्या दिवशी त्याच ओळींत निंदायला बसणं. यातलं कशालाच ‘फवारणी’ म्हणत नाहीत, म्हणून त्या ‘फवारणाऱ्या’ नाहीत. आकडेवारीत नाहीत, प्रशिक्षणात नाहीत, फोटोतही नाहीत.

मी सरांना विचारलं, आम्हाला लांब उभं राहायला सांगता तसं या बायांनाही सांगू का? सर म्हणाले, ‘सांगा ना. पण त्या तासाभराचा रोज त्यांना कोण देणार, तेही सांगा.’

हे वाक्य त्यांनी टाळण्यासाठी म्हटलेलं नव्हतं. ते शेतकऱ्याचा मुलगा. त्यांना खरंच उत्तर माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

आमची ज्या शेतकऱ्याशी गाठ घालून दिली होती, त्यांची पाच एकर जमीन. स्वतः वर्षानुवर्षं फवारलेलं, आता छाती भरते म्हणून मजूर लावतात. फवारणीची मजुरी आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी पंपामागे ठरते. जितके पंप माराल तितके पैसे. पंप पंधरा-सोळा लिटरचा, बाटलीवरचं प्रमाण मात्र दहा लिटर पाण्यासाठी लिहिलेलं. मग हिशेब कुणी करायचा? झाकण. एक झाकण, दीड झाकण. बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. त्याचा अर्थ सांगणं हेही आमचं एक प्रात्यक्षिक. फवारणाऱ्या काकांना मी तो सांगितला तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘लाल असलं त अळी मरते, हे मले मायीत हाय.’

आमच्याकडचा एक जादा मास्क आणि मोजे मी त्यांना दिले. त्यांनी फोटोपुरते घातले, दोन पंप मारले आणि काढून धुऱ्यावर ठेवले. ‘ताई, तुमचं बरोबर हाय. पन हे तोंडाले बांधून दिवसाचे पंधरा पंप होत नाही. दम कोंडते. अन पंप कमी झाले त पैसे कमी.’

इथे बहुतेक जण म्हणतात, ‘बघा, दिलं तरी घालत नाहीत, अज्ञान आहे.’ मला ते अज्ञान वाटलं नाही. तो अगदी चोख हिशेब होता. मास्कची किंमत त्यांच्यासाठी शून्य नव्हती. ती दिवसाच्या तीन-चार पंपांएवढी होती आणि ती त्यांच्याच खिशातून जाणार होती. मजुरी तासावर असती तर मास्क राहिला असता की नाही, ठाऊक नाही, पण निदान तो घालण्याचा दंड तरी बसला नसता.

सुरक्षेचं शास्त्र शिकवणारे लोक उपायांची एक उतरंड सांगतात. सगळ्यात आधी धोका काढूनच टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याचं काही वापरा. मग यंत्रात, रचनेत बदल करा. मग कामाची पद्धत आणि वेळ बदला. आणि हे सगळं करूनही जे उरेल त्यासाठी, सगळ्यात शेवटी, मास्क आणि मोजे. आपण ही उतरंड उलटी लावली आहे. किट वाटलं की सुरक्षा झाली. यात एक नैतिक चलाखीही आहे. किट एकदा माणसाच्या हातात दिलं की पुढचं जे काही होईल ती त्याची चूक ठरते. ‘सांगितलं होतं, घातलं नाही.’

आता विद्यार्थ्याकडे वळते, कारण तोही या उतरंडीत कुठेतरी अडकलेला आहे. शिकणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का? मजूर निदान कागदावर तरी काम सोडून जाऊ शकतो. विद्यार्थी ज्याला नाही म्हणणार, त्याच्याच हातात त्याचे मार्क असतात. शिवाय धोका कुठे आहे हे त्याला अजून कळत नसतं, ते कळण्यासाठीच तर तो आलेला असतो. अशा माणसाची ‘संमती’ हा शब्द मला नेहमी थोडा पोकळ वाटतो.

माझा चुलतभाऊ आयटीआय करून औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागला. त्याची गोष्ट माझ्या उलट. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा आहे, त्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम १८ म्हणतं, हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. कलम १४ म्हणतं, पण कारखान्यात शिकत असेल तर कारखाने कायद्यातली आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाची प्रकरणं तो कामगारच आहे असं समजून लागू करा. (त्या १९४८ च्या कायद्याची जागा आता नव्या संहितेनं घेतली आहे.) म्हणजे पगाराच्या बाबतीत तू कामगार नाहीस, पण तुझी बोटं कामगाराच्या बोटांइतकीच खरी आहेत. मला हे कलम १४ फार शहाणं वाटतं. ब्रिटननंही १९९० च्या नियमांत कामाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना सुरक्षेपुरतं कर्मचारी मानलं आहे. कारण साधं आहे. यंत्र ओळखपत्र वाचत नाही.

भाऊ सांगतो, प्रत्यक्षात मात्र त्याला आठवतं फक्त कलम १८. जास्त वेळ थांबायचं असलं की तो कामगार, आणि गार्ड नसलेल्या प्रेसवर का बसवता असं विचारलं की तो ‘शिकायला आलेला पोरगा’. राज्य सरकारनं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. त्या पैशाला ‘विद्यावेतन’ म्हणतात. माझे कितीतरी मित्र त्यातून कुठे कुठे कामाला लागले. वेतनाच्या आधी ‘विद्या’ लागली की आकडा लहान होतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं आहे. धोकाही त्या प्रमाणात लहान झाला का, हे त्यांनी विचारायला हवं.

तर ‘विद्यार्थी’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. कारखान्यात त्यानं माणसाचं संरक्षण कमी होतं. वावरात त्यानं मला संरक्षण मिळालं, जे माझ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला नव्हतं. दोन्ही वेळेला संरक्षण शरीराला मिळत नव्हतं, ते कागदाला मिळत होतं.

सप्टेंबरच्या शेवटी ते पंपवाले काका दुसऱ्या एका वावरात फवारत होते. दुपारी उलटी झाली, अंग घामानं चिंब, डोळ्यापुढे धुरकट. ही लक्षणं आम्ही तिसऱ्या वर्षाला पाठ केली होती. ऑर्गॅनोफॉस्फेट शरीरातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश थांबतच नाहीत. बाहुल्या बारीक होतात, लाळ, घाम, उलटी, आणि वाढलं तर श्वास. उतारा ॲट्रोपिन. पाठ केलेलं समोर पाहणं वेगळं. त्यांचे कपडे काढून अंग साबणानं धुतलं, औषधाची रिकामी बाटली सोबत घेतली (ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, डॉक्टरांना नाव कळावं लागतं) आणि गावातल्या मुलांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून त्यांना दवाखान्यात नेलं. वेळेत उपचार मिळाले. तिसऱ्या दिवशी ते घरी होते, आणि आठव्या दिवशी परत पाठीवर पंप.

काही बरंवाईट झालं असतं तर? हा प्रश्न त्या रात्री आमच्या खोलीत कुणीतरी विचारला. शेतकऱ्यांसाठी राज्याची अपघात अनुदान योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. फवारणीची विषबाधा, साप, वीज हे सगळं तिच्यात बसतं. मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये. पण ती आहे खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. म्हणजे सातबारा पाहिजे. काकांकडे सातबारा नाही. वावर दुसऱ्याचं, पंप दुसऱ्याचा, औषध दुसऱ्याचं, फक्त फुप्फुस त्यांचं. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिनं अनेक घरं सावरली आहेत. पण जो माणूस धोका पत्करतो आणि जो माणूस कागदावर आहे ते दोघं वेगळे असतील, तर योजना कागदाकडे जाते.

त्यानंतर आमच्या गटात दोन दिवस वाद झाला. फवारणीचं प्रात्यक्षिक बाकी होतं. एका मैत्रिणीचं म्हणणं, मास्क घालून लांब उभं राहून दुसऱ्याच्या छातीवर प्रात्यक्षिक करायचं हे तिला जमणार नाही. दुसरी म्हणाली, मग काय तूही मास्क काढणार? त्यानं काकांना काय मिळेल? दुसरीचं बरोबर होतं. आपल्याला मिळालेलं संरक्षण टाकून देणं हे दिसायला थोर आणि प्रत्यक्षात निरुपयोगी. लाज वाटायची असेल तर ती मास्क असण्याची नको, मास्कची संख्या मोजून आणण्याची वाटावी. तिसरीनं आणखी खोल बोट ठेवलं. आपण प्रात्यक्षिक नाकारलं तर आपले हात स्वच्छ राहतील, फवारणी थोडीच थांबेल? आपण नोव्हेंबरात परत जाणार, ते इथेच राहणार.

मला अजूनही या तिसऱ्या मुद्द्याला पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. पण एक गोष्ट तेव्हा सुचली. उतरंडीच्या वरच्या पायरीवरचं काम आमच्या अभ्यासक्रमातच होतं, आम्हीच त्याला किरकोळ समजत होतो. कामगंध सापळे. गुलाबी बोंडअळीचे पतंग सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ सापडले, तर फवारायचं, नाहीतर थांबायचं, असा ठोकताळा आहे. एरवी गावात फवारणी ठरते ती शेजाऱ्यानं फवारलं म्हणून, किंवा कृषी केंद्रवाल्यानं बाटली पुढे केली म्हणून. आम्ही पाच एकरांत सापळे लावले आणि रोज सकाळी पतंग मोजायला लागलो. सरांना कळवलं, फवारणीऐवजी ‘कधी फवारू नये’ याचं प्रात्यक्षिक करतो आहोत. ते म्हणाले, रेकॉर्ड बुकात तसा मथळा नाही, मार्कांचं मी सांगू शकत नाही. तरी करा.

पहिले अकरा दिवस आकडा आठाच्या खाली राहिला. घरमालक काकांची झोप उडाली होती, बाजूवाल्यानं दोनदा फवारलं होतं. ते रोज विचारायचे, ‘पोरींनो, माह्यं पीक तुमच्या वहीवर हाय बरं.’ हा खरा धोका त्यांचा होता, हे विसरून चालणार नाही. आमचा अंदाज चुकला असता तर नुकसान त्यांचं. पुढे आकडा चढला आणि फवारणी झालीच. पण एक फेरी वाचली. एक फेरी म्हणजे पाच एकरांत कितीतरी पंप, आणि पंपवाल्या काकांसाठी तेवढ्या पंपांची मजुरी.

हो, तेही आहेच. विष वाचलं तेवढीच मजुरीही बुडाली. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘चालते. आंग बी दुखूनच रायलं होतं.’ घरमालकांनी त्या आठवड्यात त्यांना तुरीच्या डवरणीला बोलावलं, रोजावर. आम्ही सांगितलं म्हणून नाही, त्यांना गरज होती म्हणून.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं रेकॉर्ड बुक उघडलं. ‘सहभागी शेतकऱ्याचे नाव व गट क्रमांक’ या रकान्यात मी घरमालकांच्या नावाखाली फवारणाऱ्या काकांचं आणि पाणी आणणाऱ्या मावशींचं नाव लिहिलं होतं. गट क्रमांकाच्या जागी दोन रेघा. परीक्षकांनी पेन टेकवून विचारलं, ‘यांची जमीन कुठे आहे?’

मी म्हटलं, नाही.

‘मग यांचं नाव इथे कसं?’ ते म्हणाले, आणि खरंच उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत राहिले.